तीस दिवसांची कडी

भिंतीच्या आत लाकूड कुठे आहे ते सांगणारं एक यंत्र अमेरिकेत मिळतं. ते भिंतीवरून फिरवायचं, लाकूड आलं की ते 'टीं' करतं, असा निदान त्याच्या खोक्यावरचा दावा असतो. निमिषने ते बाळाच्या खोलीच्या छताला लावलं आणि ते लगेच टीं झालं. चार बोटं सरकवलं, पुन्हा टीं. कोपऱ्यात टीं, मधोमध टीं, आणि शिडीवरून उतरताना चुकून त्याच्याच कपाळाला लागलं तर तिथेही टीं. खाली खुर्चीत संत्रं सोलत बसलेली त्याची बायको राधिका तेव्हा सातव्या महिन्यात होती. ती म्हणाली, "यंत्र चांगलं आहे. लाकूड बरोबर सापडलं त्याला."

वास्तविक निमिषला हसण्याचं कारण नव्हतं. माणूस ऑफिसात नामांकित होता. फ्रीमाँटहून रोज हायवेवर तासभर रांगत जाऊन जगाची माहिती ढगात साठवण्याचं काम करायचा, आणि ढगात खिळे ठोकावे लागत नाहीत हा काही त्याचा दोष नाही. पण ही खोली आपण स्वतःच्या हाताने सजवायची असं त्याने ठरवलं होतं आणि त्यामागे एक वचन होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे नागपूरच्या राधिकाच्या घरी कुणी ठरवावं लागत नाही. पण राधिकाच्या पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का संपला होता. गेली असती तर परत कधी येता येईल, हे वकीलसुद्धा खांदे उडवून सांगत होता. आईला इकडे आणावं, तर तिला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती मूल चालायला लागल्यानंतरची. राधिका हे सगळं फार शांतपणे घेत होती. मग एका शनिवारी इंडियन ग्रोसरीत डिंकाच्या पाकिटासमोर उभी राहून ती अचानक रडायला लागली. "आईकडे छताला पाळणा टांगलेला असतो," एवढंच म्हणाली. निमिषने डिंक आणि अळीव यांच्या मधल्या गल्लीत उभं राहून तिचा हात धरला आणि म्हणाला, "माहेर मी तुला इथेच करून देतो." माहेर ही फर्निचरची बाब आहे, अशी त्याची तेव्हा प्रामाणिक समजूत होती.

त्याने कामाला सुरुवात भिंतीपासून केली. नागपूर म्हणजे संत्री, म्हणून एका भिंतीवर संत्र्याचं झाड काढायचं ठरलं. तीन शनिवार-रविवार तो ब्रश घेऊन भिंतीशी झगडत होता. झाड उत्तम आलं. संत्र्यांना मात्र, हात जरा जड पडल्यामुळे, आकार फार आला. चार घरं सोडून राहणाऱ्या पद्मिनीकाकू खोली बघायला आल्या. त्या तीस वर्षं अमेरिकेत आहेत, आणि गल्लीतल्या यच्चयावत बाळंतपणांचा डिंक त्यांच्या घरी कुटला गेला आहे. भिंतीसमोर हात जोडल्यासारख्या उभ्या राहून त्या म्हणाल्या, "भोपळे काय सुरेख आलेत रे. हॅलोवीन थीम का?"

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक संत्र्याला निमिषने दोन दोन हिरवी पानं काढली, आणि पाहुणा आत शिरण्याआधीच "हे संत्र्याचं झाड" असं सांगण्याची सवय लावून घेतली.

पाळण्यावर टांगायच्या खेळण्याचा घोटाळा तर निव्वळ भाषेमुळे झाला. निमिषने स्वतः लाकडाचे पोपट कापले, रंगवले, दोऱ्यांना बांधले. त्या उत्साहात त्याने नागपूरला व्हिडिओ कॉल लावला.

"काय करून राहिले जावईबापू?" सुवर्णाबाईंनी, म्हणजे राधिकाच्या आईने विचारलं.

"पाळण्यावर मोबाइल लावतोय आई. बाळाच्या बरोबर डोक्यावर येईल असा. गोल गोल फिरतो. म्युझिक पण आहे."

सुवर्णाबाईंनी घाईने फोन ठेवला. त्या एका दिवसात राधिकाला माहेरून किरणोत्सर्गावरचे चौदा फॉरवर्ड आले. दुसऱ्या दिवशी सासरे मोरेश्वरराव स्वतः फोनवर आले. वीज मंडळातून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. ते म्हणाले, "निमिषराव, तुमच्या घरात आम्ही बोलू नये. पण जन्मल्या जन्मल्या मोबाइल? शाळेत तरी जाऊ द्या."

"बाबा, इथे सगळ्याच मुलांना लावतात. डॉक्टर पण सांगतात, नजर स्थिर होते म्हणून."

"नजर स्थिर होते, हे आम्ही पाहून राहिलो की रोज," मोरेश्वरराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका दुखावलेला होता की राधिकाने फोन ओढून घेतला. "बाबा, चिमणाळं. त्याला इंग्रजीत मोबाइल म्हणतात. हे चिमणाळ्याबद्दल बोलून राहिले." पलीकडे दोघंही इतका वेळ हसत होते की निमिषला आपला अपमान झाला आहे की सुटका, ते कळेना. पण त्या दिवसापासून तोही चिमणाळं म्हणायला लागला, आणि तो शब्द त्याला फार आवडला.

आता राहिली छताची कडी. तयार स्टँडचा पाळणा मिळतो हे त्याला किमान नऊ जणांनी सांगितलं. मोरेश्वररावांनी सांगितलं की कडी स्लॅब भरतानाच सोडायची असते. हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता, फक्त अमेरिकन घराला स्लॅब नव्हता आणि ते बांधून तेरा वर्षं झाली होती. निमिषने कुणाचंच ऐकलं नाही. राधिका छताचा पाळणा म्हणाली होती, म्हणजे छताचाच.

यंत्रावरचा विश्वास उडाल्यावर त्याने ड्रिल हातात घेतलं. पहिलं भोक पोकळीत गेलं. दुसरंही. प्लास्टरचा भुगा डोळ्यात, केसात, एकदा चहात. अकरा भोकं झाली. राधिका दारातून डोकावून "चाळण झाली का?" विचारून जायची. निमिष दर वेळी नवा हिशेब कागदावर मांडून पुन्हा शिडी चढायचा, आणि खरं सांगायचं तर असा चिवट माणूस पाहून कुणालाही कौतुकच वाटलं असतं. बाराव्या भोकाला ड्रिल अडलं, घुरघुरलं, आणि लाकडाचा पिवळा भुगा खाली आला. निमिष शिडीवरच थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिला. उरलेल्या अकरा भोकांवर त्याने अंधारात चमकणाऱ्या चांदण्या चिकटवल्या, आणि चाळणीचं आकाश झालं.

कडी बसली. कडीला वीस-वीस पौंडांच्या तांदळाच्या दोन पिशव्या टांगून झाल्या. पण बाळ म्हणजे तांदूळ नव्हे. म्हणून निमिषने शेवटी स्वतःच दोन्ही हातांनी कडी धरली आणि पाय वर उचलले. ब्याऐंशी किलोंचा बाप छताला लोंबकळत होता आणि कडी कुरकुरतसुद्धा नव्हती. नेमके त्याच वेळी पद्मिनीकाकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या. बरोबर त्यांचे यजमान संजीवकाका होते.

संजीवकाका मूळचे पुण्याचे, आणि गल्लीतल्या टाउनहाउसांच्या असोसिएशनच्या, म्हणजे तिथल्या सोसायटीच्या, बांधकाम समितीचे अध्यक्ष. समितीवर आपला माणूस आहे म्हटल्यावर गल्लीतल्या मराठी मंडळींना आधी आनंद झाला होता. मग एकेकाच्या पडद्यांचा रंग नियमात बसत नसल्याची पत्रं आली. काकांनी लोंबकळणाऱ्या निमिषकडे पाहिलंच नाही. त्यांनी कडीकडे पाहिलं.

"हे आतल्या तुळईत, जॉइस्टमध्ये गेलंय का?"

"हो काका," निमिष खाली उतरत अभिमानाने म्हणाला. "बरोबर मधोमध."

"मग प्रॉब्लेम आहे. हे बघ, प्लास्टरबोर्ड तुझा. त्याच्या मागचं लाकूड कॉमन एरिया. असोसिएशनचं. त्याला परवानगीशिवाय स्क्रू मारता येत नाही."

"आणि ही अकरा भोकं?"

काकांनी चष्मा वर करून चांदण्या मोजल्या. "ती कुठेच लागली नाहीत ना? मग ती ओके आहेत."

म्हणजे चुकलेली अकरा भोकं कायदेशीर होती, आणि बरोबर बसलेलं एकच तेवढं बेकायदा. आयुष्यात हाताने केलेलं पहिलं अचूक काम निमिषला त्याच दिवशी उलटं फिरवून काढावं लागलं. काकू नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, पाळणा आहे तो, जहाजाचा नांगर नाही." काका म्हणाले, "पाळण्याला माझी ना नाहीच. लाकडाला परवानगी हवी." आणि त्यांनी एक लाडू खाल्ला, तो छान झाल्याचं सांगितलं, आणि अर्जाचा फॉर्म ईमेलने पाठवून दिला.

फॉर्म भरताना निमिष आणि राधिका शेजारी बसले होते. बदल कायमचा की तात्पुरता, या चौकटीत निमिषने क्षणभर विचार करून 'कायमचा' वर खूण केली. बाप होणं तात्पुरतं कसं असेल, असं त्याचं म्हणणं. पुढचा प्रश्न होता, सुविधा वापरणाऱ्या व्यक्तीचं नाव.

"काय लिहू?"

"नाव बारशाला ठेवतात," राधिका म्हणाली.

"बारसं पाळण्यात होतं."

"आणि पाळणा परवानगीनंतर."

निमिषने लिहिलं, 'अजून नाव ठेवलेलं नाही.' उपयोगाच्या रकान्यात त्याने बारशाचं वर्णन केलं. बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला कुंची घालून त्यात निजवतात, तो पाळण्याच्या वरून-खालून या बाईच्या हातून त्या बाईच्या हातात देतात, हे सगळं त्याने मोठ्या हौसेने इंग्रजीत उतरवलं. मराठीत इतकी गोड वाटणारी गोष्ट इंग्रजीत 'नवजात बालकाच्या शय्येभोवती वजनदार दगड फिरवणे' अशी झाली. आठ दिवसांनी समितीचं उत्तर आलं. पत्ता या घराचा आणि मायना 'प्रिय अजून नाव ठेवलेलं नाही' असा. बाळाच्या नावाने आलेलं ते आयुष्यातलं पहिलं पत्र, आणि त्यात दगडाचं वजन विचारलं होतं.

समितीची बैठक क्लबहाउसात झाली. तीन सभासद. त्यातल्या ग्लोरिया नावाच्या आजींनी फार प्रेमाने विचारलं, "पण बाळाला दगड का द्यायचा?" निमिषने आठ वर्षं अमेरिकनांना किचकट आकृत्या समजावल्या होत्या, पण वरवंट्यापुढे त्याची वाचा बसली. "फॉर प्रॅक्टिस," एवढंच त्याच्या तोंडून गेलं. त्याने आशेने संजीवकाकांकडे पाहिलं. या खोलीत वरवंटा समजावू शकणारा माणूस तेवढा एकच होता. काका उठून उभे राहिले आणि म्हणाले की अर्जदार माझा परिचित आहे, आमची भाषा एक आहे, आम्ही त्याच्या घरी लाडू खाल्ला आहे, तेव्हा या विषयावर मी बोलणार नाही आणि मतही देणार नाही. ते बाहेर जाऊन बसले. ते बाहेर गेल्यामुळे समितीची पुरेशी संख्या भरेना, आणि अर्ज पुढच्या महिन्यावर गेला.

त्या दिवशी निमिष घरी येऊन बाळाच्या खोलीत जमिनीवर बसला. पाळणा एका कोपऱ्यात उपडा पडला होता. राधिका आली, भिंतीला हात टेकत टेकत त्याच्या शेजारी बसली. "जाऊ दे यार," ती म्हणाली. "इतकं काही नाही. मी एकदाच बोलली होती." आणि ती एकदाच बोलली होती म्हणूनच निमिषला ते इतकं लागलं होतं. सारखी मागणी करणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट नाही दिली तर चालतं. हिने सगळ्या वर्षांत एकच मागितलं होतं.

बाळाने काही पुढच्या महिन्याच्या बैठकीची वाट पाहिली नाही. दोन आठवडे आधीच मुलगी झाली, सात पौंड, भरपूर जावळ. हॉस्पिटलातल्या कारकून बाईंना नाव तिथल्या तिथे हवं होतं, ते राधिकाने त्यांच्या कानात सांगितलं आणि बारा दिवस कुणाला सांगू नका म्हणून विनवलं. त्या बाईंनी गंभीरपणे ओठांवर बोट ठेवलं. घरी डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे बाळाचं झोपणं क्रिबमध्ये, म्हणजे कठड्याच्या छोट्या पलंगात, सुरू झालं. निमिष सुवर्णाबाईंना फोन पुढ्यात ठेवून विचारत विचारत अळिवाची खीर करायचा, शेक द्यायचा, तेल कोमट करायचा. एकदा खीर इतकी घट्ट झाली की तिच्यात चमचा उभा राहिला. राधिकाने ती सुरीने कापून खाल्ली आणि छान झाली म्हणाली.

आठव्या दिवशी सकाळी दारावरची घंटा वाजली. संजीवकाका होते. एका हातात जाडजूड फाइल, दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड.

"तुझा अर्ज काल रद्द झाला," काका बसता बसता म्हणाले. "ठरलेल्या मुदतीत निर्णय झाला नाही की आपोआप रद्द."

निमिषने पुढे केलेलं पाणी काकांनी बाजूला ठेवलं.

"आता तू अर्जदार नाहीस. त्यामुळे आता मी बोलू शकतो. अर्ज पेंडिंग असताना कमिटीच्या माणसाने सल्ला देणं बरोबर नाही. तू कायमच्यावर टिक केलंस, तिथेच घोटाळा झाला." त्यांनी फाइल उघडली. "कलम चौदा, पोटकलम क. धार्मिक किंवा कौटुंबिक सणासाठी, कॉमन एरियाच्या लाकडाला, तीस दिवसांपर्यंत कडी किंवा हुक लावायला परवानगी लागत नाही. वाच."

निमिषने वाचलं. मग पुन्हा वाचलं. "हे कुणी घातलं यात?"

"मी," काका म्हणाले. "इथे नवीन आलो तेव्हा आकाशकंदिलासाठी मला नोटीस आली होती. मुलं लहान होती, कंदील उतरवला तेव्हा रडली. मग मी या कमिटीवर निवडून आलो. एवढं एक वाक्य मंजूर करून घ्यायला मला नऊ महिने लागले. ते वाक्य टिकायचं असेल तर बाकीची वाक्यं मी मोडून चालेल का?"

इतके दिवस ज्या माणसाला निमिष मनात नाही नाही ते बोलला होता, त्याच्याकडे तो आता बघतच राहिला. पाया पडावं असं त्याला वाटलं, आणि तो खरंच पडला. काकांनी अवघडून "हां हां, असू दे" केलं आणि मग स्वतः शिडी धरली. कडी पुन्हा त्याच बाराव्या भोकात गेली. काकांनी कापडातली वस्तू बाहेर काढली. तो काकूंचा वरवंटा होता. तीस वर्षांपूर्वी पाटा बॅगेत मावला नाही म्हणून एकटाच अमेरिकेला आलेला आणि तेव्हापासून गॅरेजच्या दाराला अडसर म्हणून नोकरी करणारा.

"साडेतीन किलो," काका म्हणाले. "बाळाच्या आधी हा जातो. लोड टेस्ट. आपल्या बायकांनी हे कधीपासून लिहून ठेवलंय, आणि आपण ग्लोरियाला सांगू शकलो नाही."

बाराव्या दिवशी बारसं झालं. शेजारपाजारच्या बायकांनी कुंची घातलेल्या वरवंट्याचे इतके लाड केले की खऱ्या बाळाने निषेध म्हणून टाहो फोडला. ग्लोरिया आजींना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी वरवंटा दोन्ही हातांत घेतला, त्याच्याकडे वाकून पाहिलं आणि "शी इज ब्यूटिफुल" म्हणाल्या, तेव्हा कुणीही त्यांची चूक दुरुस्त केली नाही. निमिषची बहीण नेत्रा खास अर्विंगहून विमानाने आली होती. तिने आत्याचा मान घेतला आणि अनिका हे नाव कानात सांगितलं. फोनच्या पडद्यावर मोरेश्वरराव पाळण्याकडे न बघता वर कडीकडे बघत होते. "स्लॅबशिवाय बसवली," ते सुवर्णाबाईंना म्हणाले. "मानलं पाहिजे."

कडीच्या तीस दिवसांतले उरलेले सगळे दिवस पाळणा हलला. राधिका दुपारी पाळण्याची दोरी हातात धरून बसायची, आणि निमिष दारातून ते बघून परत लॅपटॉपकडे जायचा. तिसाव्या दिवशी काकांनी आठवण करायच्या आतच निमिषने कडी उतरवली. दिवस मोजले तर बाळाला नेमका सव्वा महिना झाला होता. त्या दिवशी फोनवर सुवर्णाबाई म्हणाल्या, "इथं असती तर आज जावई न्यायला आले असते. लेक-नात निघाली की आम्ही दारात उभं राहून रडून घेतो. यंदा तेही नाही." राधिका हसून विषय बदलत होती, पण निमिषने तिचा चेहरा पाहिला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. निमिष दूध आणतो म्हणून बाहेर पडला तो तासभर आला नाही. मग घंटा वाजली. राधिकाने अनिकाला खांद्यावर घेऊन दार उघडलं. दारात निमिष उभा होता. इस्त्रीचा कुर्ता, एका हातात पेढे आणि साडीची पिशवी, दुसऱ्या हातात गाडीतली बाळाची सीट. स्वतःच्याच घराच्या पायपुसण्यावर तो परक्यासारखा अवघडून उभा होता.

"न्यायला आलोय," तो म्हणाला.

राधिका हसली नाही. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग तिच्या तोंडून हुबेहूब सुवर्णाबाईंचा आवाज निघाला.

"या, बसा. चहा टाकते. पण आज काही पाठवत नाही जावईबापू. पोरगी अजून आठ दिवस माहेरीच राहतो म्हणून राहिली."

निमिष बूट काढून सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखा बसला. रडायचं काम खरं तर माहेरच्यांचं. पण त्या घरात माहेरचा माणूस तो एकटाच होता, आणि चहा येईपर्यंत त्याने ते काम मनापासून केलं.